वाळीत टाकलेली यंत्रे

आमच्या वस्तीत राहणारे एक गृहस्थ कारखान्यात फिटर आहेत. गेल्या दिवाळीत बोनसच्या पैशांतून त्यांनी मुलासाठी एक जुना गेम कन्सोल विकत घेतला. नवा घेणे खिशाला परवडणारे नव्हते. दुकानदार ओळखीचा, यंत्र सुस्थितीतले, भाव घासाघीस करून ठरलेला. पोराने तो टीव्हीला जोडला, शाळेतल्या मित्रांशी इंटरनेटवरून खेळायला गेला, आणि पडद्यावर मजकूर उमटला की या यंत्रास आमच्या सेवेतून कायमचे बाद करण्यात आले आहे. कोणी बाद केले, केव्हा केले, कोणत्या अपराधाबद्दल केले, दाद कोठे मागायची? एकाही प्रश्नाचे उत्तर त्या मजकुरात नव्हते. चौकशीअंती एवढेच कळले की पूर्वीच्या मालकाने यंत्रात काही फेरफार केला होता. तो मालक पैसे घेऊन मोकळा झाला, दुकानदाराने कानांवर हात ठेवले, आणि शिक्षा बारा वर्षांच्या मुलाच्या वाट्यास आली. कंपनी कोणती, हा मुद्दा येथे गौण आहे. या धंद्यातील सर्वांचीच रीत थोड्याफार फरकाने अशीच आहे.

आपल्या भाषेत या शिक्षेस एक जुना शब्द आहे: वाळीत टाकणे. जातपंचायत बसते, आरोपीचे म्हणणे ऐकले जाईलच असे नाही, निकालाची प्रत मिळत नाही, वर अपील नाही, आणि शिक्षा एका माणसावर न थांबता त्याच्या पोराबाळांपर्यंत पोहोचते. ही पद्धत सुसंस्कृत समाजास शोभत नाही, म्हणून महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. वाळीत पडलेल्या कुटुंबाच्या यातना आणि खेळाला मुकलेल्या मुलाची हळहळ एका पारड्यात घालण्याचा अविचार आम्ही करणार नाही. येथे तुलना दुःखाची नसून न्यायदानाच्या रीतीची आहे. जी रीत गावच्या पारावर आपण नाकारली, तीच संगणकाच्या पडद्यावरून परत येत असेल, तर तिच्याकडे ‘पोरांचा खेळ’ म्हणून दुर्लक्ष करून चालणार नाही.

फेरफार केलेल्या कन्सोलना ऑनलाइन खेळातून बाद करावे काय, असा हा प्रश्न आहे. कंपन्यांचे वकील ‘अवश्य करावे’ म्हणून मोकळे होतात. आपल्यातले काही उत्साही तरुण ‘मुळीच करू नये’ म्हणून तितक्याच घाईने मोकळे होतात. उभय पक्षी एकच चूक होते: फेरफार या एका शब्दाखाली भिन्न भिन्न गोष्टी कोंबल्या जातात आणि त्या सर्वांना एकच न्याय लावला जातो.

कन्सोल हा वस्तुतः संगणकच होय. सामान्य संगणकाहून त्याचे वेगळेपण एवढेच की त्यावर कोणता प्रोग्रॅम चालावा हे विकत घेणारा ठरवीत नाही, विकणारा ठरवितो. कंपनीची गुप्त खूण असलेलेच काय ते आत शिरावे, अशी कुलपे यंत्राच्या पोटात बसविलेली असतात. फेरफार म्हणजे हे कुलूप उघडणे. प्लेस्टेशन २ च्या काळात मदरबोर्डवर एक बारीक चिप सोल्डर केली जाई. एक्सबॉक्स ३६० मध्ये डिस्क वाचणाऱ्या ड्राइव्हचे फर्मवेअर बदलले जाई. अलीकडे बहुधा प्रणालीतील एखादी फट शोधून आत प्रवेश मिळविला जातो. पण कुलूप उघडल्यावर माणूस काय करतो यावरच त्या कृत्याची नीती ठरते. कोणी खेळात लबाडी करतो. कोणी नक्कल केलेल्या डिस्क फुकटात चालवितो. कोणी बिघडलेला भाग बदलतो, कोणी परदेशातून आणलेली अस्सल डिस्क चालवू पाहतो, कोणी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालवून बघतो. आज जगभर वापरला जाणारा ‘कोडी’ हा चित्रपट व संगीत ऐकवणारा-दाखवणारा मुक्त प्रोग्रॅम मुळात फेरफार केलेल्या पहिल्या एक्सबॉक्सवर हौशी लोकांनी घडविला, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पहिल्या प्रकारात इतर खेळाडूंचे नुकसान होते. दुसऱ्यात खेळ घडविणाऱ्यांचे होते. उरलेल्या सर्वांत कोणा माणसाचे नुकसान होत नाही, झालेच तर कंपनीच्या बाजारपेठेवरील पकडीचे होते. या तिहींना एकच दंड देणारा न्याय हा न्याय नव्हे.

प्रथम लबाडीचा विचार करू, कारण कंपन्यांची बाजू येथे खरोखरच बळकट आहे आणि ती प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. नेम आपोआप लागेल, भिंतीआडचा प्रतिस्पर्धी दिसेल, अशी सोय यंत्रात करून मैदानात उतरणारा माणूस दिवसभर राबून रात्री अर्धा तास खेळायला बसलेल्या दहा जणांचा विरंगुळा हिरावून घेतो. त्याला बाहेर काढलेच पाहिजे. समतेचा उद्घोष करणाऱ्यांनी तर ही मागणी सर्वांच्या आधी केली पाहिजे, कारण समान नियमांखाली समान माणसे भेटतात अशा जागा समाजात मुळातच थोड्या आहेत आणि खेळाचे मैदान ही त्यांपैकी एक. कबड्डीत अंगाला तेल चोपडून येणाऱ्यास पंच मैदानाबाहेर काढतात आणि त्याविरुद्ध कोणी हाकाटी करीत नाही. परंतु पंचांनी कोणकोणत्या गोष्टी करायच्या नसतात तेही पाहावे. तेल एकाने लावले म्हणून त्याने वापरलेले बूट पुढे ज्याच्या पायात जातील त्यालाही पंच बाद ठरवीत नाहीत. घरी शिवलेली चड्डी घालून आलेल्या पोरास ‘आमच्या दुकानातली घेतली नाहीस’ म्हणून ते हाकलीत नाहीत. आणि सामना संपल्यावर दोषी खेळाडूच्या घरी जाऊन ते त्याची चूल विझवीत नाहीत. मैदानाच्या रेषेपाशी पंचांचा अधिकार संपतो. कन्सोलच्या कंपन्यांना अशी रेषाच मान्य नाही, आणि आमचा झगडा तेवढ्यापुरता आहे.

हा आरोप हवेतला नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने फेरफार केलेल्या एक्सबॉक्स ३६० यंत्रांना आपल्या ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ सेवेतून एकाच झपाट्यात बाद केले. एका बहुप्रतीक्षित युद्धखेळाचे प्रकाशन त्याच सुमारास झाले होते. सेवेचे सदस्य तेव्हा सुमारे दोन कोटी होते. किती यंत्रे बाद केली हा आकडा कंपनीने दिला नाही, ‘अल्प टक्का’ एवढेच सांगितले; वृत्तपत्रांतील अंदाज दहा लाखांपर्यंत गेले. ही कारवाई खेळात लबाडी करणाऱ्यांविरुद्ध नव्हती. नकली डिस्क चालविण्याजोगी यंत्रे हे तिचे लक्ष्य होते. बंदी पडली ती माणसाच्या खात्यावर नव्हे, यंत्रावर. परिणाम तोच झाला जो होणार होता. चलाख मालकांनी बाद झालेली यंत्रे जुन्या बाजारात विकावयास काढली आणि कंपनीचा दंड खाली सरकत सरकत ज्याला यातले काही ठाऊक नाही अशा गिऱ्हाइकाच्या माथी बसला. शिवाय बाद झालेल्या यंत्रात हार्ड डिस्कवर खेळ उतरवून ठेवण्याची सोयही बंद पडली. म्हणजे जी गोष्ट कंपनीच्या सेवेत घडत नव्हती, मालकाच्या घरात घडत होती, तिच्यापर्यंत हात पोहोचला. चूल विझविणे म्हणतात ते हेच.

त्याहून बोलके उदाहरण सोनीचे आहे, कारण तेथे फेरफार ग्राहकाने केला नाही, कंपनीने केला. प्लेस्टेशन ३ विकताना तीवर लिनक्ससारखी दुसरी प्रणाली बसविता येईल असे कंपनीने सांगितले होते. लोकांनी त्या भरवशावर यंत्रे घेतली. अमेरिकेच्या हवाई दलाने तर अशी १,७६० यंत्रे जोडून आपल्या संशोधनासाठी एक महासंगणक उभारला. १ एप्रिल २०१० रोजी सुरक्षिततेचे कारण देऊन कंपनीने एक नवे फर्मवेअर पाठविले आणि ही सोय काढून घेतली. ग्राहकापुढे दोन वाटा ठेवण्यात आल्या: नवे फर्मवेअर घ्या आणि विकत घेतलेली सोय गमवा, किंवा ते नाकारा आणि ऑनलाइन खेळास मुका. ज्याने यंत्रास हातही लावला नाही, ते विकत घेतले तसेच ठेवायचे म्हटले, त्यालाच मैदानाबाहेर उभे करण्यात आले. ग्राहकांना न्यायालयात जावे लागले आणि प्रकरण तडजोडीपर्यंत पोहोचण्यास अनेक वर्षे लागली. ऑनलाइन बंदी हे प्रामाणिक खेळाडूंच्या रक्षणाचे साधन आहे, असे सांगणाऱ्यांनी या प्रसंगात कोणत्या खेळाडूचे रक्षण झाले ते सांगावे.

आणि गतकाळच्या चुका म्हणून हे सोडून देता येत नाही. मे २०२५ मध्ये निन्टेन्डोने आपल्या करारनाम्यात दुरुस्ती केली. अटींचा भंग झाल्यास यंत्र संपूर्णपणे वा अंशतः कायमचे निरुपयोगी करण्याचा अधिकार कंपनीने अमेरिकेतील ग्राहकांपुढे ठेवलेल्या मसुद्यात स्वतःकडे घेतला. जूनच्या आरंभी ‘स्विच २’ बाजारात आला आणि त्याच महिन्यात नकला साठविणारी कार्डे वापरणाऱ्यांची यंत्रे ऑनलाइन सेवेतून तोडल्याच्या बातम्या आल्या. जुन्या बाजारातून अस्सल खेळ विकत घेणाऱ्यावरही बंदी कोसळल्याचा प्रसंग वृत्तपत्रांत आला. खरेदीचा पुरावा दाखविल्यावर ती उठली. उठली हे ठीकच. परंतु निरपराध्याने आपले निरपराधित्व आरोप करणाऱ्यापुढेच सिद्ध करावे, हा कोणत्या दंडसंहितेतला नियम? ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या ग्राहक-संरक्षण संस्थेने या कलमास हरकत घेतली. नियम करणारी कंपनी, पाळत ठेवणारी कंपनी, निवाडा देणारी कंपनी आणि दंडाची अंमलबजावणी करणारीही कंपनी. लोकशाही राज्यात सरकारलाही जे एकवटलेले अधिकार आपण देत नाही, ते एका कराराच्या तळाशी ‘मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवताच एखाद्या व्यापारी संस्थेस मिळतात.

यावर हमखास येणारे उत्तर असे की जाळे कंपनीचे, सर्व्हर कंपनीचे. कोणाला आत घ्यावे ही तिची मर्जी. पण ही धर्मशाळा नव्हे. मायक्रोसॉफ्टने ऑनलाइन खेळासाठी वर्गणी आरंभापासून घेतली, सोनीने २०१३ साली प्लेस्टेशन ४ बरोबर ती लागू केली, निन्टेन्डोने २०१८ पासून. आणि वर्गणी देणाऱ्यास दुसरीकडे जाण्याची मोकळीकही नाही. एका कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यास जोडता येत नाही. ज्या विहिरीखेरीज गावात पाणी नाही, त्या विहिरीचा मालक ‘माझी मर्जी’ म्हणू लागला तर समाज त्याची मर्जी मर्यादित करतो. ही मर्यादा घालणे हेच तर कायद्याचे काम आहे.

मालकीच्या या प्रश्नात एक मोठा विनोदही दडलेला आहे. खाजगी मालमत्तेच्या पावित्र्यावर आम्हा समाजवाद्यांना ज्यांनी आजवर प्रवचने दिली, तेच आज सांगतात की पैसे मोजून, पावती घेऊन, घरी आणलेली वस्तू तुमची नाहीच. तुम्हाला केवळ ती वापरण्याचा परवाना मिळाला आहे, आणि तो आम्ही काढून घेऊ शकतो. कोकणातील कुळांना हा युक्तिवाद नवा वाटणार नाही. जमीन कसायची कुळाने, तिची निगा राखायची कुळाने, आणि बेदखल करण्याचा अधिकार मात्र खोताकडे. १९४८ च्या कुळकायद्याने आणि नंतरच्या खोती-निर्मूलनाने तो अधिकार मोडून काढला. आता खोती परत येते आहे. फरक एवढाच की हा नवा खोत जमिनीचे पूर्ण मोल आधी वसूल करून घेतो आणि मग गिऱ्हाइकास कूळ ठरवितो.

येथवर वाचून आपल्यातले काही साथी टाळी वाजवतील आणि म्हणतील, मग नकला काढणे ही चोरी नसून वसुलीच आहे. या टाळीचा स्वीकार आम्हाला करता येत नाही. खेळ आकाशातून पडत नाही. चित्रकार, संगीतकार, प्रोग्रॅम लिहिणारे, रात्ररात्र जागून चुका शोधणारे अशा शेकडो लोकांचे श्रम त्यात असतात. ज्याने खेळ विकत घेण्याची ऐपत असताना फुकट लाटला आणि त्याला क्रांतीचे नाव दिले, त्याने श्रमिकांच्या बाजूने काहीही केलेले नाही. नकलांचा व्यापार करून गल्लाभर पैसे जमविणारा तर सरळसरळ नफेखोर आहे. त्याच्यावर कायद्याने खटला भरावा. त्यास आमचा विरोध नाही.

मात्र ‘कामगारांच्या भाकरीसाठी बंदी’ ही कंपन्यांची घोषणाही तपासून घ्यावी. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ६९ अब्ज डॉलर मोजून ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही कंपनी घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये, अवघ्या तीन महिन्यांत, आपल्या खेळ विभागातील १,९०० माणसे कमी केली. सोनीने पुढच्याच महिन्यात प्लेस्टेशन विभागातील सुमारे ९०० जणांना घरी बसविले. या माणसांची भाकरी नकली डिस्कने हिरावली नाही. मक्तेदारीच्या भागभांडवलाने हिरावली. तेव्हा कामगाराच्या नावाने गळा काढून ग्राहकाच्या यंत्रात हात घालण्याचा अधिकार या मंडळींना पोहोचत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे. देशात बेकारी आहे, शेतकरी कर्जात बुडाला आहे, आणि तुम्ही श्रीमंतांच्या पोरांच्या खेळण्यांवर लेख लिहिता? हा आक्षेप प्रामाणिक आहे म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. फेरफाराचा इतिहास आपल्या देशात श्रीमंतांचा नाहीच. ज्याला नवे यंत्र आणि अस्सल डिस्क सहज घेता येते, त्याला फेरफाराची गरज सहसा पडत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, ज्याचे अधिकृत नाव आज डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, टेबलफॅनच्या वाऱ्यात बसून सोल्डरिंग आयर्न चालविणाऱ्या कारागिरांनी बिघडलेल्या वस्तूंना दुसरे आयुष्य दिले, ते मध्यम आणि निम्न वर्गाच्या ग्राहकांसाठी. जुने घेणे, दुरुस्त करून वापरणे, धाकट्या भावाला देणे, मग विकणे ही गरिबाची अर्थव्यवस्था आहे. यंत्रावर पडलेली कायमची बंदी नेमकी याच साखळीवर घाव घालते. धनिकाचे यंत्र बाद झाले तर तो दुसरे घेतो.

आणखी एक वर्ग असा आहे की ज्याचा विचार या वादात क्वचितच होतो. हातापायांत पूर्ण बळ नसलेल्या, बोटे न हलविता येणाऱ्या खेळाडूंसाठी नियंत्रक बहुधा जुळवून, बदलून घ्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टनेच २०१८ साली अपंगांसाठी खास नियंत्रक काढला आणि त्याबद्दल तिचे अभिनंदन झाले, तेही योग्यच. पण त्याच कंपनीने नोव्हेंबर २०२३ पासून आपला परवाना नसलेल्या उपकरणांना एक्सबॉक्सवर मज्जाव करण्यास प्रारंभ केला. कारण सांगण्यासारखे होते: काही उपकरणे नेम साधून देण्याची लबाडी करतात. पण लबाडीच्या उपकरणाबरोबर गरजेचे उपकरणही त्याच चाळणीतून बाहेर फेकले जाईल, अशी सार्थ भीती अपंग खेळाडूंनी व्यक्त केली. वर्तन न पाहता वस्तू पाहून शिक्षा करण्याच्या धोरणाचा हा अटळ शेवट आहे. लबाडास सव्यापसव्य करून दुसरी वाट सापडते. अडतो तो गरजवंत.

या प्रश्नाची सर्वांत विलक्षण बाजू अखेरीस सांगायची ती अशी. कंपन्या एक दिवस जाळेच गुंडाळतात. पहिल्या एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा १५ एप्रिल २०१० रोजी थांबली. निन्टेन्डोने वी या यंत्राची सेवा मे २०१४ मध्ये आणि ३डीएस व वी यू या यंत्रांची सेवा एप्रिल २०२४ मध्ये बंद केली. ज्यांनी पैसे मोजून खेळ घेतले होते, त्यांचे मैदान त्या दिवशी नाहीसे झाले. मग ते परत कोणी उभारले? हौशी कारागिरांनी, फावल्या वेळात, विनामूल्य. आणि त्या पर्यायी मैदानात उतरण्यासाठी बहुधा यंत्रात फेरफारच करावा लागतो. म्हणजे ज्या फेरफारास कंपनी ऑनलाइन खेळाचा शत्रू म्हणते, त्यानेच टाकून दिलेल्या यंत्रांचा ऑनलाइन खेळ जिवंत ठेवला आहे. गाव सोडून गेलेल्या जमीनदाराने पडक्या विहिरीवरही पहारा बसवावा आणि गाळ काढून ती वाहती करणाऱ्यांस चोर म्हणावे, अशातली ही गत आहे.

तेव्हा मागायचे काय? पहिली गोष्ट, दंड वर्तनास व्हावा, वस्तूला नको. लबाडी केली त्याचे खाते ठराविक मुदतीसाठी, आणि पुन्हापुन्हा केल्यास कायमचे, बंद करावे. ज्या स्पर्धांत यंत्राच्या विश्वासार्हतेवर निकालच अवलंबून असतो, तेथे फेरफार केलेल्या यंत्रास प्रवेश नाकारावा, हेही आम्ही मान्य करतो. पण अशा यंत्रांसाठी स्पर्धेबाहेरचे वेगळे दालन उघडे ठेवावे. दुसरी, कारण लेखी द्यावे, पुरावा दाखवावा, आणि अपील कंपनीबाहेरच्या संस्थेकडे असावे. तिसरी, मैदानाची रेषा पाळावी. घरात चालणारे यंत्र घरात चालू राहिलेच पाहिजे. चौथी, बंदी पडलेल्या यंत्राचा क्रमांक खरेदीपूर्वी कोणालाही तपासता यावा आणि मालक बदलल्याचे दिसताच बंदी उठावी. पाचवी, ज्या दिवशी कंपनी जाळे बंद करील, त्या दिवसापासून त्या यंत्राचे कुलूप उघडण्यास कोणी आडकाठी करू नये.

यांतले बरेचसे मागण्यासाठी कायद्याचा आधार आपल्याजवळ आहे, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने कुलूप उघडणे हाच मुळात अपराध ठरविला. तेथे कन्सोलचा डिस्क-ड्राइव्ह दुरुस्त करण्यापुरती सूट मिळावयास २०२१ साल उजाडले. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने २००५ साली सिडनीतील एका मॉडचिप बसविणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. एका प्रदेशात घेतलेली अस्सल डिस्क दुसऱ्या प्रदेशात चालू न देणाऱ्या सोनीच्या कुलपास कायद्याचे संरक्षण नाही, असा त्याचा मथितार्थ होता. पुढे अमेरिकेशी झालेल्या व्यापार-करारामुळे तेथील कायदा कडक झाला, तरी असल्या प्रादेशिक कुलपांना त्याने संरक्षणाबाहेरच ठेवले. आपला कायदा अधिक शहाणा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात आलेले कलम ६५-अ हे हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यासच दोन वर्षांपर्यंतची कैद सांगते. कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या हेतूसाठी ते उघडणे गुन्हा होत नाही. दुसऱ्यास ते उघडून देणाऱ्याने त्या माणसाची ओळख आणि हेतू यांची नोंद ठेवावी, एवढी अट आहे. आपल्या दुरुस्ती-कारागिरांना ही अट समजावून सांगणे हे उपयुक्त काम होईल. तसेच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित करार ही कल्पना आणली असून वाजवी कारणावाचून एकतर्फी करार संपविण्याची मुभा देणारी कलमे त्यात मोडतात. अशा अटी रद्द ठरविण्याचा अधिकार राज्य आयोगास आहे. कायदा आहे, तो वापरणारे हात हवेत.

आणि ज्यांना अजूनही हा खेळण्यांचा प्रश्न वाटतो, त्यांनी क्षणभर शेताकडे पाहावे. अमेरिकेतील शेतकरी आपलाच ट्रॅक्टर आपण दुरुस्त करण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे झगडत आहेत, कारण ट्रॅक्टरच्या पोटातही तसलीच कुलपे आहेत. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली त्यांच्यासाठी कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये तेथील केंद्रीय व्यापार आयोगाने डिअर या ट्रॅक्टर-कंपनीवर खटला दाखल केला. कुलूप तेच, युक्तिवाद तोच, करारनामाही जवळपास तोच. यंत्र विकल्यावरही त्याची किल्ली आपल्याच खिशात ठेवण्याची सवय भांडवलास मुलांच्या दिवाणखान्यात लागली. ती आता बांधावर येऊन उभी आहे. उद्या रिक्षा, शिलाईयंत्र, पाण्याचा पंप यांच्या पोटात ते कुलूप बसेल तेव्हा आपण जागे होणार असू, तर फार उशीर झालेला असेल.

त्या फिटरच्या मुलाने आता तो कन्सोल एकट्यानेच खेळायला घेतला आहे. बापाने त्याला विचारले, तू काय केले होतेस? पोराला काय सांगावे ते कळले नाही. ज्या शिक्षेचा अपराध सांगता येत नाही, ती शिक्षा देणाऱ्यालाच आता जाब विचारला पाहिजे.